कर्मणी प्रयोग

हर्णैच्या शाळेत पेठेबाई सांगायच्या,
वाक्य अडलं तर क्रियापदाला विचारा: कोण?
कर्ता सापडला की बाकीचं सुटतं.

पुढे अकरा वर्षं मी
जिनिव्हाच्या पगारावर, दुसऱ्यांच्या देशांत,
पत्र्याच्या खोल्यांत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून
बायकांना, पोरांना तेच विचारत आले.
कोण? किती जण? गणवेश कोणत्या रंगाचा?
नको वाटलं तर थांबूया. पाणी घ्या.
आणि रात्री जनरेटर बंद व्हायच्या आत लिहायचं.
मराठीत सांगायचं तर असं:
घरे जाळण्यात आली.
साक्षीदार क्रमांक सतरा यांस मारहाण करण्यात आल्याचे समजते.
'समजते' हा माझ्या वरिष्ठांचा आवडता शब्द.
ओल्या लादीवर टाकलेलं गोणपाट,
कचेरीत कुणी घसरू नये म्हणून.

रजेवर आले की आबा विचारतात,
"तू करतेस तरी काय गो नक्की?"
लिहून घेते.
"नि लिहून झाल्यावर?"
जाळ्याची गाठ दातांनी ओढून ते उत्तराची वाट बघतात,
मग दुसरी गाठ घेतात.

ह्या खेपेस जानेवारी.
पुळणीवर बैलगाड्या, सुरमईच्या राशीभोवती
आकडे ओरडणारी माणसं,
मागे सुवर्णदुर्ग, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा.
मी घरी कपाटात माझं जुनं पासबुक शोधत होते.
खालच्या खणात, डिझेलच्या पावत्यांखाली,
रबरबँड लावलेला गठ्ठा.
नेपाळी नागरिकत्वाचे चार दाखले.
वरच्यावर टेकेंद्र बुढा, जिल्हा बाजुरा,
फोटोत मिसरूडही फुटलेलं नाही.

हे वाक्य मला पाठ होतं.
कामगारांची ओळखपत्रे मालकाच्या ताब्यात ठेवण्यात आली होती.
तीन देशांतून तीनदा लिहिलेलं,
एक शब्द न बदलता.
पेठेबाई, कोण?

"बोटीवर भिजतात म्हणून ठेवलेत," आबा म्हणाले.
"माणशी चाळीस हजार उचल दिलीय.
खलाशी पळाले तर दर्यात काय तू येणारेस?"
खोटं काहीच नव्हतं त्यात.
ह्याच बोटीच्या मासळीवर
माझी पुण्यातली फी, पहिलं विमान.
आमच्या फॉर्मवर एक चौकोन असतो:
मुलाखत घेणाऱ्याचे संबंधितांशी नाते.
तिथे मी आजवर आडवी रेघ मारत आले.

संध्याकाळी बोटीवर गेले.
टेकेंद्र बर्फ फोडत होता,
डाव्या करंगळीला, विंचने चिरडली तिथे, काळं फडकं.
कसं झालं, विचारलं नाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं नाही.
गठ्ठा पुढे केला.
स्वतःचा फोटो बघून तो हसला,
दाखला दुधाच्या पिशवीत गुंडाळला, गाठ मारली,
बाकीचे तिघांकडे दिले.
"दीदी, सेठला माहीत आहे?"
होईल, म्हटलं.
भविष्यकाळ. तोही एक आडोसाच.

रात्री जेवताना आबा बोलले नाहीत.
सुरमईचं डोकं नेहमीसारखं माझ्या ताटात.

पहाटे अंगणातून खाकरले.
"दापोलीच्या पहिल्या एसटीने एक गेला.
टेकेंद्र नव्हे. तो दुसरा, गप्प असायचा तो.
लिही आता."

वही उघडली.
पहिला शब्द लिहिला: मी.
पुढे थांबले.
गठ्ठ्यातला वरचाच दाखला वाचला होता,
त्या गप्प माणसाचं नाव मला माहीत नव्हतं.
आबांना विचारावं लागलं.
त्यांना त्याचं गावही माहीत होतं.