सरासरी

रुवीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावर
वर्षभर मिक्सर फिरला तो दुपारी दोन ते सव्वादोन.
टीव्हीवर उशीचा अभ्रा.
अद्वय शिंक आली की बाथरूममध्ये पळायचा,
ताईचं लक्ष उडू नये म्हणून.
(शिंकेला पुढे वेगळाच अर्थ आला.)

शाल्मलीची बारावी म्हणजे घरातलं पाचवं माणूस,
फक्त ताट वाढायचं बाकी ठेवलेलं.

मग एका बुधवारी, कुकरच्या दुसऱ्या-तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये
फोनवर आलं : राहिलेले पेपर होणार नाहीत.
झालेल्यांतल्या बऱ्या पेपरांची सरासरी धरतील.
ती म्हणाली, "बरं."
आणि पारदर्शक पाऊचमधली चारही पेनं
एकेक उघडून, टोपण लावून
पुन्हा आत ठेवली.

लहानपणी परीक्षा पुढे गेली तेव्हा मी नाचले होते.
वाट पाहिली, ही नाचेल.
पण नाचायला पटांगण लागतं, चार मैत्रिणी लागतात,
निदान एक उघडं दार.

रात्री पोलिसांची गाडी सांगत जायची, घरातच थांबा,
आधी अरबीत, मग हिंदीत, मग मल्याळीत.
मराठीत आम्हीच सांगत होतो एकमेकांना.
विश्रामच्या गोदामाला कुलूप. पगार निम्मा,
तोही "परिस्थिती पाहून".
जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती टक्के काढायची,
दुसऱ्या टोकाला हा भाडं.
दोघांत एकच कॅल्क्युलेटर, तिचा,
परीक्षेत कधीच चालणार नव्हता तो.
"किती बसतात गं?"
"अठ्ठ्याऐंशी. तुमचे?"
हा हसला. मग बराच वेळ चष्मा पुसत बसला.

आणि भिंतीपलीकडे नोबिनचं पाठांतर चालूच.
शाल्मलीच्याच वर्गातला. शीजाचा मुलगा.
व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं, मल्याळी हेलाच्या इंग्रजीत,
पहिल्यापासून, रोज, रात्री अकराला.
मला वाटलं, पोराला कुणी सांगितलंच नाही की काय!
विश्राम म्हणाला, काही मुलं अशीच असतात.
अद्वय म्हणाला, वेडा झालाय.

शाल्मलीनं बाल्कनीतून विचारलं शेवटी.
मी कपडे वाळत घालत होते. पाठमोरी राहिले.
"अम्माला वाचून दाखवतो," तो म्हणाला, "फोनवर."
शीजा नर्स. तिच्याच वॉर्डातल्या खाटेवर आता ती.
झोप येत नाही तिला तिथे.
वर्षभर माझ्या घोकण्यावरच झोपायची,
आता परीक्षा नाही, तर काय, थांबवू?

त्या रात्रीपासून आमच्या बाल्कनीतून प्रश्न जायचे.
ही विचारायची, तो सांगायचा,
फोन मधल्या कठड्यावर, स्पीकर लावून.
चुकला की ही "पुन्हा" म्हणायची, अगदी कडक.
एसीच्या पाण्याचा डबा टपटपत भरायचा.
खाली रस्ता इतका रिकामा
की सिग्नल स्वतःसाठीच हिरवा व्हायचा.
आणि मध्येच, सातव्या-आठव्या तत्त्वापाशी
फोनमधून जड, घरघरता श्वास.
दोघं गप्प. कुणीच फोन ठेवायचं नाही.

भूगोलाच्या रद्द पेपराच्या दिवशी
सकाळी दहाला शाल्मली केस बांधून बसली, गणवेश नव्हता.
अद्वय जाऊन बाथरूममध्ये शिंकून आला.
मी मिक्सरचा पिन काढून ठेवला.
कुणी कुणाला काही बोललं नाही.

निकाल लागला. सरासरी म्हणून जे आलं ते आलं.
पेढ्यांना खवा कुठला, दूधपावडरचे वळले,
चिकटले थोडे.

शीजा परतली जूनमध्ये,
अंगावरचा कुर्ता दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
दारातच, लांबूनच, मास्कमधून शाल्मलीला म्हणाली,
"चौदांतली मला सातच येतात हं.
पुढे झोपच लागायची."

ही आत गेली.
पुस्तक घेऊन आली.