कोपरा कापलेली पट्टी

सुरत पॅसेंजरने रोल यायचे,
पांढऱ्या डबीत, डबीवर नाव नाही,
फक्त रबरी शिक्का, तोही तिरका.
कंपनीच्या एका रोलच्या पैशात हे अडीच.
'माल तोच,' दलाल म्हणायचा,
'एकाच थानातून फाडलेला, खोका तेवढा वेगळा.'
तो कापडाचाही दलाल होता.

उखर्डूअण्णाने लगेच हो म्हटलं नाही.
आधीची तीन भावंडं गेली म्हणून
आईने त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललेलं,
नजर लागू नये असं नाव दिलेलं.
नावावरून माल ओळखायचा
तर याला कोण घरात घेतं?
नंदुरबारच्या त्या एका खोलीच्या स्टुडिओत
मी हायपो ढवळायचो, चौदा वर्षांचा.

माघात मिरचीच्या पथारीवर गेलो.
नजर पोचेल तिथवर लाल, नाकाला रुमाल.
लाल हीच परीक्षा, अण्णा म्हणाला,
हलका रोल लालला आंधळा असतो,
मिरचीचा कोळसा करतो,
नवरीच्या कपाळावर कुंकवाचं भोक पाडतो.

देठं खुडणाऱ्या रुमालीबाईला उभं केलं.
तिपाई हलवायची नाही.
सोळाचं छिद्र, सव्वाशेचा वेग,
आधी नावाचा रोल, मग बिननावाचा.
मधे रोल बदलायला वेळ गेला,
मुकादम ओरडला,
कुणीतरी पोतं झटकलं.

अंधारात अण्णाने बिननावाच्या पट्टीचा
कोपरा कात्रीने कापला, खूण म्हणून.
एकाच पाण्यात दोघी धुतल्या, एकाच दोरीवर वाळवल्या.
नावाची सरळ लोंबली,
दुसरी काकडीच्या सालीसारखी वळत राहिली,
दोन चिमटे लावले तरी.

मग भिंग. दाणा बघायचा,
दादरसारखा टपोरा की बाजरीसारखा बारीक.
मला दोन्हीकडे बाजरीच दिसली.
मिरच्या दोन्हीकडे राखाडी,
तीच राख, तीच सावली,
फक्त तोलकाट्याच्या पितळेवर ऊन पडलेलं,
तिथे बिननावाच्या पट्टीत उजेड
काठ सोडून थोडा बाहेर सांडलेला.
अण्णाने ते बराच वेळ पाहिलं, बोलला नाही.

छापलेले दोन फोटो टेबलावर आठवडाभर होते.
ड्रॉइंगच्या मास्तरांनी तीनदा ओळखला नावाचा फोटो,
ठामपणे,
दोनदा चुकीचा.
बाजाराच्या दिवशी रुमालीबाई आली.
तिने एका फोटोवर बोट ठेवलं:
'हाऊ चांगला. आठे मन्हा डोया उघडा शेतस.'
दुसऱ्यात तिला शिंक येत होती.

पन्नास रोल मागवले.
लग्नं नावाच्या रोलवर, ओळखपत्रं बिननावाच्या.
तिसऱ्या खेपेला अख्खी पेटी धुरकट निघाली,
आश्रमशाळेची बासष्ट पोरं
धुक्यात उभी, काहींना पाय नाहीत.
दलाल म्हणाला, माल तोच होता.
अण्णा पुन्हा एसटीने धडगावला गेला,
पुन्हा सगळ्यांना ओळीत बसवलं, पैसे घेतले नाहीत.
परतल्यावर म्हणाला, नावाचे जादा पैसे
बहुतेक एवढ्याचेच असतात,
पुढची पेटी मागच्या पेटीसारखी निघेल.
आणि बिननावाचे रोल मागवत राहिला,
फक्त प्रत्येक पेटीतला पहिला
मिरच्यांवर वाया घालवायचा.

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली.
परवा बिस्किटांच्या डब्यात त्या दोन पट्ट्या सापडल्या.
आता दोन्हीही वळलेल्या.
कोपरा शोधला.
उंदरांनी दोन्हींचे सगळे कोपरे खाल्लेत.
खिडकीकडे धरल्या, मिरच्यांचं रान उलट्या रंगात,
पांढरं ऊन काळं,
मधे रुमालीबाई, एकीत बघणारी,
एकीत शिंकेच्या अगदी अलीकडे थांबलेली.
कुठली शिंक कुठल्या रोलवर,
मला आठवत नाही.