चर

फॉर्मात 'आपले मत' म्हणून दोन ओळी सोडल्यात.
फार्कर गन पेन झटकतो, लिहीत नाही.
सदरलंडच्या वाऱ्यात कागद फडफडतो.

हा चर बापानं खणला. यार्डामागे
पैसे द्यायचं सरकार: पाणी काढा, मेंढ्या चरवा.
आता तोच चर मी बुजवतो. मीटरमागे
पैसे देतं, तेच सरकार.
मेंढीला कुणी विचारलं नाही.
दोनदा रुतली, दोनदा ओढून काढली.

मत म्हणाल तर,
काल पीटच्या बांधाआड पाणी थांबलं होतं,
काळं, कोऱ्या चहासारखं.
काठाला बोटभर लाल शेवाळ.
बाप असता तर
फावडं घेऊन धावला असता.

मी उभाच.
बुटात पाणी शिरलं, तेव्हा कळलं.