करिता

रामकुंडावरची आमची वही लाल कापडात असते.
आलेल्यानं आपल्या हातानं लिहायचं:
गाव, कूळ, कुणाला सोडायला आलो.
अंगठाही चालतो.

त्या मार्गशीर्षात सव्वीस कलश आले.
वडाळीभोईची यमुनाबाई पगार
सोबतचं पत्र भेटेल त्याच्याकडून वाचून घ्यायची.
मी वाचलं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की.
खाली, सही/-
त्याखाली, सचिवांकरिता.
"म्हंजे धाडलं कोणी त्याला?"
देवळालीकडं तोफांचा सराव चालू होता.
ताम्हनातलं पाणी तेवढं हललं.

इथं हाडं विरघळतात, असं आम्ही सांगतो.
मी कधी तळाशी हात घालून पाहिला नाही.
पलीकडचे किती गेले, ते वहीत नाहीत.
त्यांची नदी वेगळी.

परवा एक साहेब आले, वडिलांचा कलश घेऊन.
निवृत्त. तीस वर्षं दिल्लीत, त्याच खात्यात. मऊ बोलणारा माणूस.
विधी झाल्यावर वही पुढं केली.
खिशातून हिरव्या शाईचं पेन काढून
सवयीनं नुसती आद्याक्षरं, तारीख.
म्हटलं, पूर्ण नाव लागतं,
इथं करिता चालत नाही.

त्यांनी मागची पानं चाळली.
सव्वीस नोंदी, एकच महिना,
शाई जास्त झालेला एक अंगठा.
त्यावर त्यांचं बोट बराच वेळ.
मग पेनचं टोपण लावल्याचा आवाज.

दक्षिणा सांगितल्यापेक्षा जास्त दिली,
पाचशेची करकरीत नोट,
नाशिकरोडलाच छापलेली असेल.
तिच्यावर सही होती, पूर्ण.
धारकाला अदा करण्याचं वचनसुद्धा.