कायोंगो

सरोवरावरून वारा आला की प्रयोगशाळेची खिडकी
अजून खुळखुळते. अकेयो ती कोपरानं लोटते,
हात गुंतलेले: एकात पिपेट, दुसऱ्यात काचेची बशी,
बशीत काल तपकिरीच्या चिमटीएवढ्या होत्या त्या बिया.
आज मुळं. केसाहून बारीक.

बाटलीतलं क्विनोन पिवळं.
मक्याच्या मुळाची साल खरवडली की सुटतं तसलं.
एक थेंब.

सकाळी मुळं वाढायची थांबलेली.
टोकं फुगलेली, फुगवट्यावर चिकट लव,
धरायला.
बशीत मका नाही.
बशीत पाणी, आणि पाण्यात
इतके सारे हात.

रविवारी सियायाच्या रानात न्यागोरो आत्या
वाकून एकेक उपटत होती.
"फूल मात्र देखणं हो मेलीचं," म्हणाली,
जांभळा तुरा कानामागे खोवून परत काढला.
"पण मला सांग, तू शिकलेली,
हिला कळवतं कोण, इथं मका पेरलाय म्हणून?"

मकाच, आत्या.
उपाशी असला की तो बुरशीला हाक मारतो,
ये, थोडं फॉस्फरस घेऊन ये.
बुरशी येते न येते.
पंधरा वर्षं मातीत कान देऊन पडलेली ही
ती हाक ऐकते.
मग त्याची भिंत हळूच पोखरते,
आणि भिंतीचा जो चुरा पडतो
त्यालाच आवतण समजते.

हे काही बोलली नाही अकेयो.
"मातीतच असतं काहीतरी," एवढंच.
"मातीत सगळंच असतं," आत्या म्हणाली,
आणि पुढच्या ओळीत गेली.

वहीत नोंद आहे तिच्याच अक्षरात:
थेंब लवकर धुऊन काढला
तर फुगवटा ओसरतो,
मूळ पुन्हा मूळ होतं, सरळ वाढू लागतं,
मध्ये काही घडलंच नाही असं.
उशीर झाला तर नाही.

सोमवारी पाचव्या तासाला गजर वाजला.
सहा बश्या तशाच ठेवायच्या होत्या.
तिनं चौथी उचलली, नळाखाली धरली,
धार बारीक करून, बराच वेळ.

तशीही जगणार नव्हतीच ती.
एवढ्याशा बीत शिदोरी ती किती असणार,
चार दिवसांची फार तर.

वहीत लिहिलं:
बशी क्रमांक चार, सांडली.