कोणी किती पीठ आणलं

खुंबोच्या आईला मातीत ठेवलं गुरुवारी,
न्खाता बेच्या चढावर, आंब्याच्या सावलीत.
आम्ही ते बघितलं फोनवर,
पीटरहेडमध्ये, माझ्या दोन खोल्यांत.
चित्र मधेच थिजायचं
आणि फावडं हवेत अडकून राहायचं.

आमच्याकडे मयताच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत.
बायका डोक्यावर पीठ घेऊन येतात,
कोणी टोपलीभर, कोणी नुसती बशी,
आणि दाराशी एकजण वहीत लिहून घेते
कोणी किती आणलं.
म्हणून शनिवारी मीही दाराशी चादर अंथरली.

तेम्वा ॲबर्डीनहून बसने आली,
झिंबाब्वेवाल्याच्या दुकानातलं दोन किलो घेऊन.
लुसुंगूने पोलिश दुकानातला रवा आणला,
पिवळा, भरड. म्हणाला, मकाच आहे, चालेल.
त्याच्या वेझीने कॉर्नफ्लोअरचा डबा पुढे केला.
त्याची न्सिमा होत नाही, खळ होते.
तरी लिहिलं.

आधण आलं. आधी पातळ पेज;
ती रटरटते, फटफट उडते, मनगटावर चटके देते.
माझ्या सगळ्या मावश्यांच्या मनगटांवर हे डाग आहेत.
मग मूठ मूठ पीठ, आणि घोटणं.
लाकडी म्थिको राहिला मझुझूला;
मी घोटत होते रंग ढवळायच्या काठीने,
नव्या कोऱ्या.

खुंबो कोपऱ्यात खुर्चीवर.
तो कारखान्यात मासे कापतो, पहाटेची पाळी.
हातांचा वास जात नाही म्हणून हात खिशात.

उसिपा तळायला घेतली,
बोटाएवढी सुकी मासळी,
चितेंजेत गुंडाळून कोणाच्या तरी बॅगेतून आलेली.
वास आधी भिंतींना लागला, मग जिन्याला,
मग खालच्या मिसेस बुकनना.

त्यांनी दार वाजवलं तेव्हा माझी माफी तयार होती.
ती असतेच, खुंटीला, कोटाशेजारी.
मागच्या खेपेला पडद्यांना आठ दिवस वास होता, म्हणाल्या.
मग त्यांना चादर दिसली, पुड्या, वही.
विकताय की काय?
वेझीनेच सांगितलं, त्यांच्याच हेलात:
ह्याची आई मेली. म्हणून पीठ.
मिसेस बुकन काही न बोलता खाली गेल्या.
झालं, तेम्वा म्हणाली, आता कौन्सिलला फोन.

परत आल्या त्या कार्डिगन बदलून,
हातात पुडिंगचा वाडगा, त्यात ओटचं पीठ,
काठोकाठ, वरून बोटाने सपाट केलेलं.
कुठे ठेवू?
मी लिहिलं: बुकन, ओट, एक वाडगा.
त्यांनी वाकून वाचलं
आणि आडनावाचं स्पेलिंग सुधारलं.

वेझीने गुडघे टेकून सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं,
आधी मिसेस बुकनच्या, त्या वयाने मोठ्या.
गार आहे गं, त्या म्हणाल्या.
खुंबोलाही हात काढावे लागले.

न्सिमा त्यांना जमली नाही.
गोळा बोटांना चिकटला,
अंगठ्याने खळगा कसा करायचा कळेना,
रस्सा ओघळला कोपरापर्यंत.
उसिपा मात्र खाल्ली डोक्यासकट,
कुरकुर, डोळे मिटून,
आणि विचारलं, ही धुरावर सुकवता की उन्हात?

उन्हात, खुंबो म्हणाला. बांबूच्या मांडवांवर.
आई कावळे हाकायची.
थोड्या वेळाने म्हणाला,
दगड कधी लागायचा नाही. तिला लावायचाच नसायचा.

मिसेस बुकननी आणखी चार मासे घेतले.

ओटचं काय करायचं ते कोणालाच सुचलं नाही.
खुंबो दोन रात्री माझ्याकडेच झोपला.
सोमवारी पाळीला जाण्याआधी
अंधारातच त्याने ते शिजवलं,
मीठ घालून, ओट्याशी उभ्याउभ्या खाल्लं,
पातेलं भिजत घातलं आणि गेला.

वाडगा धुऊन ठेवलाय.
रिकामा कसा परत करू?
घरात आत्ता फक्त
कॉर्नफ्लोअर आहे.