फोल्डरच्या पोटातली चिठ्ठी

सोहारच्या बंदरामागं, आमच्या पत्र्याच्या साइट-ऑफिसात
परकारचाचांची खुर्ची मला मिळाली
आणि खुर्चीबरोबर त्यांचा कॉम्प्युटर.
खुर्ची डावीकडं कलते.
सव्वीस वर्षांत माणूस
जिकडं खिडकी तिकडं झुकत जात असावा.

स्क्रीनवर मात्र बाजार भरलेला.
ड्रॉइंगच्या फोल्डरवर कंदील,
ओव्हरटाइमवर चंद्रकोर,
क्रेनच्या तक्रारींवर काटेरी मासा,
आणि 'फायनल सेटलमेंट'वर
चक्क एक फणस.

मी हसलो. लहान पोरांचं पुस्तक आहे का हे?
पण आठवड्याभरात नावं वाचणं सुटलं.
साहेब ओरडला की हात आपसूक
कंदिलाकडं जायचा.

शेजारच्या टेबलावर खमीस अल-बलुशी.
त्याच्या मशीनवर फोल्डर उजवीकडून डावीकडं चालत येतात,
आकडे तेवढे आपल्यासारखेच, डावीकडून.
"पगार दोन्हीकडून तेवढाच दिसतो,"
तो म्हणतो, आणि कॉफीचा कप पुढं सरकवतो.

मीही माझा एक फोल्डर केला. नाव मराठीत: घरचं.
तो गेला पार तळाला.
इंग्रजी नावं संपली, अरबी संपली,
मग खाली हा, पंगतीत उशिरा आल्यासारखा.
नावाआधी शून्य टाकलं, तेव्हा कुठं वर आला.
आकड्याआधीच्या शून्याला किंमत नसते,
असं शाळेत पाठ केलं होतं.
इथं असते.
तशी आम्ही शून्यं लावायलाच तर आलोय इथं.

जूनमध्ये मस्कतहून हुकूम आला:
सर्व्हर साफ करा, निकामी फाइली काढा.
बाहेर सत्तेचाळीस. एसीखाली बादली.
मी 'लपलेल्या फाइली दाखवा'वर टिक केली
आणि प्रत्येक फोल्डरात एकेक फिकट फाइल उगवली,
अर्धी पुसल्यासारखी,
सगळ्यांचं नाव एकच, वजन जवळपास नाहीच.
एकशे त्रेसष्ट.
सगळ्या धरल्या. उडवल्या.

स्क्रीन एकदा मिटली, उघडली.
फणस गेला. कंदील गेला.
सगळे फोल्डर पिवळे,
लेबर कॅम्पच्या खोल्यांसारखे,
दारावरचा नंबर वाचल्याशिवाय
आपली कुठली ते कळू नये असे.

संध्याकाळी फुरूसला फोन लावला.
चाचा पडवीत होते, मागं कोंबड्यांचा कालवा.
सांगितलं सगळं. रागावले नाहीत.
"चिठ्ठी होती रे ती," म्हणाले,
"प्रत्येकाच्या पोटात एक.
मला असं दाखवा, एवढंच लिहिलेलं.
दुसरं काही काम नव्हतं तिला."

मग मी विचारलं, फणस का?

बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"पिकला की न उघडता कळतं ना," म्हणाले.
"वास येतो.
मला चार वर्षं येत होता."

आणि फोन ठेवताना:
"माझं परत लावू नकोस. तुझं तू लाव."

त्या रात्री ऑफिसात थांबलो.
खिडकीबाहेर धक्क्यावर कंटेनर उतरत होते.
नोटपॅडात तीन ओळी लिहिल्या, फोल्डरात ठेवल्या.
काही झालं नाही.
पुन्हा लिहिल्या, स्वल्पविराम बदलून पाहिला. काही नाही.
साडेअकराला कळलं,
की चिठ्ठी नुसती ठेवून भागत नाही,
फोल्डरलाही वेगळं सांगावं लागतं:
बाबा रे, तुझ्या पोटात चिठ्ठी आहे, बघ.
मग चिठ्ठी लपवली.
आता पुसणाऱ्याला आधी शोधावी लागेल.

सकाळी खमीस वाकून बघत होता,
'घरचं'वर बोटभरही नसलेलं हिरवं चित्र.
"खजूर?"
"पोफळी," मी म्हटलं.
त्यानं चष्मा वर केला, अजून जवळ आला.
"खजूरच आहे," म्हणाला, "ओळखतो मी."

मी वाद घातला नाही.
खुर्ची थोडी डावीकडं घेतली.